एकादशीचं औषध

छत्री माझीच होती. मुठीवर मी स्वतः चाकूनं कोरलेली खूण होती, आणि एक मोडकी काडी तारेनं बांधलेली होती, ती तारही मीच बांधलेली. पण ती जानकीरामच्या हातात काय करत होती ते मला कळेना. सोमवारची सकाळ, सव्वानऊचा सुमार. मी कोर्टात निघालो होतो आणि तो पितळेच्या दिव्यांच्या दुकानापुढून हसत हसत माझ्याकडे आला. "काल अमच्याकडे राहिली," तो म्हणाला. "मेलकावेरीहून मुद्दाम घेऊन आलों. आनंदात माणूस छत्री विसरणारच की." मीही हसलो. पंचवीस वर्षं कोर्टात कारकुनी केली की समोरचा हसला म्हणजे आपणही हसायची खोड लागते. मग त्यानं माझा हात धरला आणि आवाज खाली आणला. "तांबूल आईनं देवापुढे ठेवलांय. मणते, सुंदररावांनी शब्द दिला मणजे लग्न झाल्यासारखंच. गोपालकृष्णाला त्रिचीला कागद टाकलों आजच. एवढंच, की भजनाला आला नाहीत तुमी. एकादशीला झांज नव्हती तीस वर्षांत पहिल्यांदा." त्यानं माझा दंड थोपटला आणि तो गेला. मी छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली. ऊन होतं म्हणून उघडली असं लोकांना वाटलं असेल.

मला काल संध्याकाळचं काही म्हणता काही आठवत नव्हतं. विसरलेली गोष्ट कुठंतरी टोचत तरी राहते, नाव ओठांवर येतं, जीभ चाळवते. इथं काहीच नव्हतं. रविवारी दुपारी मी ओट्यावरच्या खोलीत आडवा झालो आणि आज सकाळी बायकोनं, गोमतीनं, तोंडावर पाणी मारून उठवलं, मधे सगळी कोरी पाटी. "द्वादशीचं पारणं चुकेल, उठा हो," ती सांगत होती, आणि माझ्या पापण्या उघडतच नव्हत्या. ती म्हणाली होती खरी, काल तिसऱ्या प्रहरी धोतर नेसून फिरायला गेलात, आलात, आणि न बोलता निजलात. मला वाटलं बायका बोलतात काहीतरी. आता रस्त्यात उभं राहून मी माझ्याच पायांकडे बघत होतो. हे पाय मेलकावेरीला गेले, दीड मैल चालले, जानकीरामच्या पायऱ्या चढले, पाटावर बसले, आणि मी मात्र त्यांच्याबरोबर नव्हतो. मग बोलला कोण? शिवकामी देतो असं म्हणाला कोण?

हा जानकीराम म्हणजे आमच्या विठ्ठलाच्या भजनमठाचा मुख्य. त्याचा धाकटा भाऊ गोपालकृष्ण त्रिचीला कापडाचं दुकान चालवतो. चाळिशीचा बिजवर, दोन मुलं. माणूस वाईट नाही. पण माझी धाकटी मुलगी शिवकामी एकोणीस वर्षांची आहे, आणि पंधरा दिवसांपूर्वी तंजावरहून शिक्षिकेच्या ट्रेनिंगला निवडल्याचा कागद आला तेव्हापासून तो तिनं उशीच्या अभ्र्यात ठेवलाय. जानकीरामनं तीनदा विचारलं आणि तीनदा मी 'बघू' म्हणून टाळलं. आमच्यात तांबूल घेतलं-दिलं की संपलं. त्यानंतर मोडणारा बाप म्हणजे दिवाळखोर. तंजावरपासून कुंभकोणमपर्यंत या तमिळ मुलखात आमची मराठी घरं ती किती, दोन दिवसांत सगळ्यांना कळतं. आणि मी तर शब्दाचा पक्का म्हणून मिरवणारा. इतकं मिरवलं, की आता त्या मिरवण्याचीच चीड आली.

कोर्टाच्या वाटेवर मी काल दुपार परत परत काढून पाहिली. एकादशी, म्हणून अन्न नाही, थेंबभर दूधही नाही. पण औषधाला दोष नाही, हे गोमतीचं आवडतं वाक्य. तिनं रुप्याच्या पेल्यात दशमूलारिष्ट आणलं, देवापुढे ठेवलं, मग मला दिलं. "उपास आहे, अंगात त्राण राहायला हुणा, मणून आज दुप्पट घातलेंय," ती म्हणाली. काळपट, गोड, घशाखाली गेलं की पोटात ऊब सुटते. ती ऊब मला आवडते, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ते झालं की मी ओट्यावरच्या खोलीत गेलो आणि फळीवरची गोळ्यांची बाटली काढली. डॉक्टर शेषाद्रींच्या झोपेच्या गोळ्या. त्या आत न्यायच्या नाहीत असा गोमतीचा दंडक. तिच्या सोवळ्यात इंग्रजी औषध बसत नाही. "त्यात काय काय घालतात कोण जाणे," ती म्हणते. "दारू सुद्धा घालतात मणे." म्हणून गोळ्या बाहेर फळीवर आणि अरिष्ट आत देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात. गोळी मी स्वतः घ्यायची, तिनं तिकडं बघायचंही नाही. अरिष्ट तिनं द्यायचं, मी कपाटाला हात लावायचा नाही. दोन बाटल्यांनी एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळी निजतानाच, आणि एकच. पण रविवारची दुपार लांब असते, त्यातून रिकामं पोट. मी एक घेतली, हे आठवतं. आज सकाळी बाटलीत अकरा असायला हव्या होत्या. नऊ होत्या.

झोप गेली त्याला दोन वर्षं झाली. जयलक्ष्मी गेल्यापासून. माझी थोरली. तिला मी तिरुनीलक्कुडीला दिली, चार वेली, म्हणजे पंचवीसेक एकर, शेती असलेल्या घरात. तेव्हाही असंच, एका संध्याकाळी, मुलाचा बाप गोड बोलला, तांबूल पुढं आलं आणि मी म्हणालो, "पोरगी तुमची." घरी येऊन सांगितलं. जयलक्ष्मी तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. निवडलेल्या तांदळातले दोन-चार दाणे उचलून पुन्हा न निवडलेल्यात टाकले. एवढंच. तिला काय हवं ते मी विचारलं नाही. मुलीला काय विचारायचं असतं, असं तेव्हा वाटलं होतं. तीन वर्षांनी ताप आला म्हणाले, आम्हांला निरोप चौथ्या दिवशी आला, आणि चौथा दिवस म्हणजे उशीर. बसमधून उतरून त्या देवळाच्या तळ्याकाठानं चालत गेलो तर अंगण सारवून कोरडंही झालं होतं. तेव्हापासून डोळे मिटले की ते ओलं नसलेलं अंगण दिसतं. गोळी घेतली की दिसत नाही. म्हणून गोळी. गोळीनं दिवसा अंग जड राहतं, जीभ वळत नाही. ते पाहून गोमतीला वाटतं अशक्तपणा आला, म्हणून ती अरिष्ट वाढवते. चमच्याचा पेला झाला तो असा. तिच्या जिवाची माझ्यासाठी किती ओढाताण चालते ते मी पाहतो, आणि म्हणून कधी नको म्हटलं नाही.

कोर्टात माझी जागा साहेबांच्या खाली डाव्या हाताला. दारूबंदी येऊन पाच वर्षं झाली, तेव्हापासून निम्मे खटले तेच. पिणाऱ्याचं वर्णन माझ्या हाताला पाठ झालंय, बोलणारा बोलायच्या आत टाक पुढं जातो: डोळे लाल, जीभ जड, पाय ठिकाणावर नाहीत, तारीख विचारता सांगता आली नाही. ही ओळ मी हजारदा तरी लिहिली असेल आणि दर वेळी नाकाला बारीक मुरड घातली असेल. आज एक वैद्य उभा होता, त्यागराज नावाचा. अरिष्ट म्हणून स्पिरिट विकतो असा आरोप. मुद्देमाल टेबलावर आणून ठेवला आणि मी त्यावर नंबराची चिठ्ठी डकवायला हात पुढं केला. चपटी हिरवट बाटली, गळ्याला हळदीचा दोरा, दोऱ्याला ताडपत्राचा तुकडा. हा दोरा मी रोज पाहतो. माझा मेहुणा कल्याणराम दर महिन्याला अशी बाटली घेऊन येतो, 'फार गुणकारी वैद्य मिळाला' म्हणत. चिठ्ठी माझ्या बोटालाच चिकटून बसली. साहेबांनी वर पाहिलं. मी ती बोटावरून सोडवून बाटलीवर लावली, तिरकी लागली.

मग साक्षीला डॉक्टर शेषाद्रीच आले. ते बोलत होते आणि मी लिहीत होतो. दोन माणसं त्यांच्यापुढं आणली होती. दोघांनी हे अरिष्ट घेतलं होतं आणि वरून झोपेची गोळी. एक पितळेचे दिवे ओतणारा, तो भर दुपारी कावेरीच्या घाटावर सापडला, पायऱ्या उतरत होता. विचारलं त्याची उत्तरं नीट दिली, नाव सांगितलं, घर सांगितलं, लोकांशी हसून बोलला. दुसऱ्या दिवशी त्याला त्यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. गोळी घेतल्याचंही आठवलं नव्हतं, म्हणून त्यानं ती पुन्हा घेतली होती. "आणि दुसरा?" वकिलानं विचारलं. "दुसरा रेशमाचा विणकर," डॉक्टर म्हणाले. "तो उठलाच नाही." मी लिहिलं: उठलाच नाही. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. त्या ओळीत ते कुणा परक्याचं वाटलं. मला भीती वाटली, अगदी पोरासारखी, की आत्ता कुणी तारीख विचारली तर मला सांगता येणार नाही.

मधल्या सुट्टीत मी डॉक्टरांना पुंगाच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली गाठलं. "चांगल्या अरिष्टात दारू नसते ना?" मी विचारलं. "असते की," ते म्हणाले. "आंबल्यावाचून अरिष्ट होत नाही. चांगल्या वैद्याच्यात थोडी असते. ह्यानं वरून ओतलीय. पण थोडी असली तरी माझ्या गोळीबरोबर नक्को. दोन्ही एकाच दिशेला ओढतात. आधी शुद्ध झोपते, माणूस चालतो-बोलतो पण आत कोणी नसतं. मग श्वास झोपतो." मग त्यांनीच विचारलं, "कोणासाठी विचारतां?" "एका ओळखीच्यासाठी." त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं, खालची पापणी ओढून पाहावी तसं, नुसतं नजरेनं. "त्या ओळखीच्याला अमी विचारलों होतों, पिता कां मणून. तो 'शिव शिव' मणाला आणि उठून चालला. अमचीही चूक झाली. घरात काय काय घेतां, असं विचारायला हुणा होतं." मी छत्रीच्या टोकानं मातीत रेघ काढत राहिलो. "त्याला सांगा," ते म्हणाले, "अरिष्ट आजपासून बंद. गोळ्या एकदम सोडायच्या नाहीत, त्यानंही घात होतो. उद्या सकाळी येऊ दे, हळूहळू उतरवू. आणि गोळ्यांची बाटली बायकोच्या हाती दे मणावं." मी हो म्हटलं.

म्हणजे मी प्यायलो होतो. मला हसू यायला हवं होतं आणि रडूही. दोन्ही आलं नाही, नुसता गोंधळ झाला. दुपारभर मी कागद हलवत होतो आणि मनात तीन दारं उघडून मिटत होतो. गप्प बसावं तर शिवकामी त्रिचीला जाते, उशीतला कागद उशीतच राहतो. मला काही आठवत नाही म्हणावं, तर माझा चुलता अप्पाजी आहेच. त्याला मागच्या खोलीत साखळीनं बांधलेलं मी लहानपणी पाहिलंय, आणि त्या साखळीपायी माझ्या दोन बहिणींची स्थळं परत गेली होती. वेड रक्तात असतं म्हणतात, मग ते शिवकामीच्या नावाला लागेल. राहिलं तिसरं. दारूचं रक्तात काही नसतं. ती ज्यानं प्यायली त्याचीच. दारुड्याच्या शब्दाला कोर्टातही किंमत नाही, हे मीच किती निकालांत उतरवून काढलंय. तो डाग फक्त माझ्या सदऱ्याला. पाच वाजता मी निघालो तो थेट मेलकावेरीला, आणि चालताना लक्षपूर्वक चाललो, एकेक दुकान, एकेक वळण लक्षात ठेवत, कालची वाट कुठंतरी आठवेल म्हणून. नदीचा ओला वास आला तेव्हा एकदा वाटलं, हे आठवतंय. पण तो वास तर रोजचाच.

जानकीराम ओट्यावर पान लावत होता. मला पाहून त्यानं आत हाक दिली, "आई, सुंदरराव आलेत." मी बसलो नाही. "काल मी काय मणालों?" मी विचारलं. "काय मणजे? मणालात, पोरगी तुमची. डोळ्यांत पाणी होतं तुमच्या." विडा करता करता तो हसला. "पण सारखं 'जयलक्ष्मी, जयलक्ष्मी' मणत होतां. आई मणाली, थोरलीच्या आठवणीनं होतं तसं." मी खांब धरला. आता मला कळलं मी काल कुठं गेलो होतो. मेलकावेरीला मी आलोच नव्हतो. मी तिरुनीलक्कुडीच्या त्या ओट्यावर बसलो होतो आणि तीच मुलगी दुसऱ्यांदा देऊन आलो होतो. एकदा दिली ती पुरली नव्हती मला.

"जानकीराम," मी म्हणालो, "काल मी प्यायलों होतों." तो हसला. मग हसायचा थांबला. "थट्टा नक्को." "थट्टा नाही. दारू प्यायलों होतों. त्यात बोललों ते धरू नका. शिवकामी द्यायची नाही अमाला." त्याची आई दारात येऊन उभी राहिली होती, तिनं पदर नाकाला लावला, आज काही वास नव्हता तरी. "एकादशीला?" जानकीराम म्हणाला. त्याला लग्न मोडल्यापेक्षा ते जास्त लागलं असावं. "एकादशीला, सुंदरराव? कोण दिला तुमाला?" "कोणी नाही. विकत घेतली." "कोठ?" "मिळते." खोटं बोलताना माझी जीभ अजिबात जड झाली नाही. मला वाटलं हा उद्या साहेबांना कळवील, कळवू दे. आत जाऊन त्यानं काल मी तांबुलाबरोबर दिलेला नारळ आणला आणि माझ्या हातात न देता पायरीवर ठेवला. "झांज मठात आहे तुमची," तो म्हणाला. "कोणाच्या तरी हाती पाठवतों. तुमी येऊ नका." तीस वर्षांची झांज. मी नारळ उचलला. छत्री मात्र या वेळी विसरलो नाही.

दिवेलागणीला घरी आलो तर गोमती उंबऱ्यात उभी. बातमी माझ्याआधी पोचली होती. मेलकावेरीहून सायकली येतात. तिच्या मागं शिवकामी, हातात पेटवलेलं निरांजन, ते देवापुढं ठेवायचं विसरून नुसतीच उभी. "खोटं ना ते?" गोमती म्हणाली. "सांगा, खोटं मणून." मला शिवकामीचा चेहरा निरांजनाच्या उजेडात दिसत होता. खोटं म्हटलं की तो तांबूल पुन्हा खरा होतो. "खरं आहे," मी म्हणालो. तिनं डोळे मिटले, ओठ हलले, काहीतरी पुटपुटली, बहुधा विठ्ठलाला. मी वाट पाहत होतो रडण्याची. तिनं तंटा केला असता, बाहेरच बसा म्हणाली असती, तर मला सोपं गेलं असतं. ती आत गेली. कपाटाचं दार वाजलं. ती परत आली तेव्हा तिच्या एका हातात रुप्याचा पेला होता, काठोकाठ, आणि दुसऱ्या हातात ती हिरवट बाटली, गळ्याला हळदीचा दोरा. "हे घ्या," ती म्हणाली. "कसली वाईट सवय लागली ती लागली. हे घेतलं की डोकं ठिकाणावर येईल. उद्यापासून तीन वेळा देते. तुमी बरे व्हाल." आणि मागं वळून, "शिवकामीलाही सुरू करते एक पेला. सुकून गेलीय पोर, झोपतही नाही. तिला पण तुमच्या डॉक्टरची एक गोळी द्या हो बाहेर."

वाटेत मी ठरवून टाकलं होतं की हे तिला कधी कळू द्यायचं नाही. दारुडा म्हणून मरेन, पण ती देवापुढं ठेवून मला काय पाजत होती ते तिच्यापर्यंत जाऊ देणार नाही. इतकं एक तरी नीट करू म्हटलं होतं. मी पेला घेतला. ऊब आठवली, आणि लाज वाटली की हातानं तो घट्ट धरलाय. शिवकामी माझ्याकडं बघत होती. तिच्या थोरल्या बहिणीनं त्या दिवशी मान वर केली नव्हती. ही थेट बघत होती.

"शिवकामी, उजेड दाखव," मी म्हणालो आणि ओट्यावरच्या खोलीत गेलो. "गोमती, ये." "मी सोवळ्यात आहे," ती म्हणाली. "ये." ती आली. पेला मी खिडकीत ठेवला. फळीवर गोळ्यांची बाटली होती, नऊ गोळ्यांची. "ती बाटली इथं ठेव. हिच्या शेजारी." "अय्यो, ती देवाजवळची—" "शेजारी ठेव." तिनं ठेवली. शिवकामीनं निरांजन वर धरलं. दोन बाटल्या, एक तिच्या हातची, एक माझ्या. "दारू कोठ प्यालों, ते विचारलीस की नाही?" मी म्हणालो. मी बोट दाखवलं नाही. गोमती माझ्याकडं पाहत होती, मग फळीकडं, मग पुन्हा माझ्याकडं, आणि मग बराच वेळ फळीकडंच. "एकादशीला दुप्पट घातलें," ती हळू म्हणाली, मला नाही, कुणाला तरी. मग तिनं खिडकीतला पेला उचलला, बाहेर अंगणात नेऊन ओतला, आणि पायरीवर बसून पदरानं तो पुसत राहिली. कोरडा झाला तरी पुसत राहिली. मी तिच्या शेजारी बसलो. शिवकामीनं निरांजन उंबऱ्यावर ठेवलं आणि आमच्या मागं येऊन उभी राहिली.